गुडीहत्नूरची लावारिस ॲम्बॅसॅडर

मालकी हा कायद्याचा पाया आहे. त्या सकाळी हा पाया गुडीहत्नूरला एका गोठ्यात चार दगडांवर उभा होता आणि त्याच्या मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती.

मी बॉनेटमध्ये डोकं घालून चेसिस नंबर शोधत होतो. हा नंबर कंपनी गाडीच्या सांगाड्यावरच ठोकते. नंबरप्लेट हरवते, हा हरवत नाही. तेव्हा गुडीहत्नूरचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता आणि मी तिथल्या आरटीओ ऑफिसात सीनियर क्लार्क होतो. सोबत आमचे इन्स्पेक्टर साहेब, आंध्रच्या किनारपट्टीकडचे, मराठी न येणारे. त्यांना भाषणाची आवड होती.

अर्जदार गौतम मास्तर, प्राथमिक शाळेतले. अठरा वर्षांपूर्वी एक लाकडाचा ठेकेदार एक्सल तुटलेली ही गाडी त्यांच्या वडिलांच्या ताब्यात देऊन गेला. “सीताराम, ध्यान ठेव,” म्हणाला आणि परत आलाच नाही. सीतारामबाबा तेव्हा शेतमजुरी करत. त्यांनी ध्यान ठेवलं. वर ताडपत्री, दर रविवारी फडकं. आरसी बुक, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, तेवढं उंदरांनी खाल्लं.

गाडी आपल्या नावावर व्हावी, हा मास्तरांचा अर्ज सुंदर अक्षरात आणि चांगल्या इंग्रजीत होता. एकच शब्द सवयीने आपल्याकडचा पडला होता: लावारिस. ज्याला वाली नाही ते सांभाळणाऱ्याचं, असं त्यांनी धरलं होतं. पण निजामाच्या काळापासून आमच्या दफ्तरात त्या शब्दाचा अर्थ ठरलेला. वारस नाही, म्हणजे सरकारचं. तेवढ्या शब्दावर तहसील ऑफिसातून लिलावाचा कागद टाइप होऊन आला होता. फक्त आमचा पंचनामा जोडायचा बाकी होता.

बेवारस वस्तू ही जनतेची ठेव असते, असं साहेबांनी हिंदीतून समजावलं. कोंबडी उठून बाहेर गेली. मग रीत म्हणून त्यांनी बाबांना विचारलं, “गाडी किसकी है?”

‘आमची’ म्हणा, असं मास्तरांनी घरी चारदा पढवलं होतं.

“शेटची,” बाबा म्हणाले.

“बाबा, तुमाला काय सांगतलं होतं?”

“सांगतलं होतं. पण शेटचीच हाय. मी राखून राह्यलो.”

“शेट अठरा सालात आला काय?”

“तो नाई आला. मी कुठी गेलो?”

मास्तर दगडावर बसले. मला मात्र हायसं वाटलं. कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. अमानतीला मालक असतो. मालक आहे तर गाडी लावारिस नाही, आणि लावारिस नाही तर लिलावही नाही. मी पंचनाम्यात तसं लिहून बाबांचा अंगठा घेतला.

एका शब्दाने काय होतं, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, सर, आपलं ऑफिस त्यावरच चालतं.

चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. ते आकडे घेऊन मी जुनी रजिस्टरं काढली. तिसऱ्यात नाव सापडलं. ठेकेदार वारला होता, मुलाचं मंचेरियलला हार्डवेअरचं दुकान होतं. मास्तर तिथे गेले. अठरा वर्षांनी गाडीची खबर घेऊन आलेल्या माणसाकडे मुलाने आधी संशयाने पाहिलं. सीताराम हे नाव ऐकलं तेव्हा स्टूल पुढे केलं. तो म्हणाला, वडील शेवटपर्यंत म्हणत, गाडी सीतारामकडे आहे, म्हणजे आहे. वारस म्हणून त्याने ट्रान्सफरच्या फॉर्मवर सही केली. पण ‘घेणार’ या रकान्यात नाव घातलं सीतारामबाबांचं. मास्तरांचा चेहरा जरा उतरला.

धडा एवढाच की अर्थ माहीत नसलेला शब्द अर्जात घालू नये, अक्षर चांगलं असेल तर मुळीच नाही.

नवं आरसी बुक हातात देताना साहेबांनी मालकाचे हक्क आणि मालकाची जबाबदारी यांवर पाव तास भाषण केलं. बाबांनी ते उभं राहून ऐकलं. निघताना मी सहज विचारलं, गाडी चालवणार कोण?

त्या घरात कोणालाच गाडी चालवता येत नव्हती.