आकडेमिस्त्री

आकडेमिस्त्रींचं आडनाव आकडे नव्हतं. ते मला पहिल्याच दिवशी त्यांच्या लायसनवरून कळलं होतं. पण कोपरगावात त्यांना सगळे आकडेमिस्त्रीच म्हणत आणि तेही त्या नावाला ओ देत. नाव पडण्याचं कारण साधं होतं. कामाचा आकडा सांगितल्याशिवाय हा माणूस पिशवीतून पाना बाहेर काढत नसे. नळ गळत असो की टाकी वाहत असो, आधी हात मागे बांधून ते घरभर एक चक्कर मारत. मग दाराशी उभं राहून सांगत : सामान एवढं, मजुरी एवढी, भिंत फोडली तर गवंड्याचं वेगळं. आकडा पटला तर काम, नाही पटला तर ते चहाही न घेता सायकलवर बसत. "आधी आकडा, मग पाना," असं ते म्हणत. पावसापाण्याविषयी बोलावं त्या स्वरात म्हणत.

ते आमच्याकडे आले तेव्हा नव्वदच्या दशकातली मधली वर्षं चालू होती. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. गावाबाहेरच्या नव्या वस्तीत आम्ही प्लॉट घेऊन घर बांधायला काढलं होतं. स्लॅब पडला त्याच्या नवव्या दिवशी माझे मिस्टर हृदयविकारानं गेले. स्लॅबवर पाणी मारायला घरात कोणी उरलं नव्हतं, ते शेजाऱ्यांनी मारलं. त्यानंतरच्या महिन्यांचं मला फारसं आठवत नाही. मी शाळेत जात होते, फळ्यावर लिहीत होते, घरी येऊन भाकरी करत होते. कोणी काही विचारलं तर "बरं" म्हणत होते. बांधकामाचं सगळं धाकट्या दिरांनी हातात घेतलं, त्यालाही मी "बरं" म्हटलं.

दिरांनी नळकामाला ओळखीचा एक माणूस आणला. तो आकडा सांगत नव्हता. "घरचंच काम आहे, होऊन जाईल," म्हणायचा. दोन-तीन दिवसांनी आणखी सामानाची चिठ्ठी द्यायचा. सामान ठरलेल्या एकाच दुकानातून यायचं. पाइप भिंतीत गेले, वर प्लास्टर झालं, न्हाणीघराच्या फरशा बसल्या. भाड्याची खोली सोडून सासूबाई आणि मी त्या घरात राहायला गेलो. पालिकेचा नळ अजून यायचा होता. त्याच्या अर्जावर लायसन असलेल्या प्लंबरची सही लागते आणि आमच्या माणसाकडे लायसनच नव्हतं. म्हणून दीर आकडेमिस्त्रींना घेऊन आले, फक्त सहीपुरते.

मिस्त्रींचा शर्ट पांढरा आणि इस्त्रीचा होता. त्यांनी अर्ज वाचला, घडी घालून परत दिला आणि काम बघतो म्हणाले. घरभर चक्कर झाल्यावर त्यांनी सांगितलं की गच्चीवरची टाकी टँकरवाल्याकडून काठोकाठ भरून घ्या, सगळे नळ बंद ठेवा, एक दिवस कोणी पाण्याला हात लावू नका. टाकीत पाण्याच्या रेघेवर त्यांनी पेन्सिलीनं खूण केली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला येऊन ते वर चढले. पाणी चार बोटं उतरलं होतं. मग त्यांनी भिंतीला कान लावत लावत घर फिरून तीन जागी पेन्सिलीनं फुल्या मारल्या. दोन न्हाणीघरात, एक स्वयंपाकघरात. आत पाइपांच्या सांध्यांचे आटे नीट बसलेले नाहीत, असं ते म्हणाले. आज ओल दिसत नाही, पावसाळ्यानंतर दिसेल. मग आकडा सांगितला. मजुरी बाराशे, पाइप आणि सांधे साधारण नऊशेचे, गवंडी आणि फरशी वेगळी.

दीर चिडले. नव्या फरशा कोण फोडणार, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी मिस्त्रींना बाजूला घेऊन सहीचे दोनशे घ्या आणि मोकळे व्हा म्हणून सांगितलं. मी दारात उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"सही विकायची नसते, साहेब," मिस्त्री म्हणाले. "काम विकायचं असतं. माझं काम न्हाई, तिथं माझं नाव कसं टाकू?"

दीर म्हणाले की दुसरे पुष्कळ लायसनवाले आहेत. मिस्त्रींनी मान हलवली. आहेत, म्हणाले. तालुक्यात सात जण आहेत, त्यांतल्या दोघांचं काम चांगलं आहे. त्यांची नावं सांगून ते सायकलीकडे निघाले.

मी म्हणाले, "भिंत फोडा."

दिरांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मलाही माझा आवाज दुसऱ्या कोणाचा असावा तसा वाटला. सात महिन्यांत मी पहिल्यांदाच काहीतरी ठरवलं होतं. बरं किंवा वाईट असं काही वाटलं नाही. फक्त ठरवलं होतं. मिस्त्री परत फिरले आणि त्यांनी पिशवी उघडली.

काम आठ दिवस चाललं. सामान आणायला त्यांनी मलाच पाठवलं. चिठ्ठीवर प्रत्येक वस्तूपुढे तिची चालू किंमत लिहून दिली, दोन दुकानांत विचारायला सांगितलं आणि पावती स्वतःजवळ ठेवायला सांगितली. दुकानदार मिस्त्रीला कमिशन देतो आणि ते गिऱ्हाइकाच्या बिलात चढवतो, हे मला तेव्हा कळलं. आकडेमिस्त्री कमिशन घेत नसत, म्हणून दुकानदार त्यांच्यावर नाराज असत. एकानं तर मला विचारलंच, "त्यांना कशाला लावलं बाई? ते लई नियमाचे हायेत."

ते नेवाशाकडच्या एका खेड्यातले, बौद्ध घरातले होते. गावातला पहिला आयटीआय झालेला मुलगा आपण होतो, असं त्यांनी एकदा सांगितलं, तेही मी विचारल्यावर. सासूबाईंना पहिल्या दिवशीच त्यांची जात कळली होती. पाण्याचे पाइप त्यांच्या हातून घरात आलेले सासूबाईंना चालत होते. मी तिसऱ्या दिवशी घरातल्या कपात चहा दिला. त्यांनी तो पिऊन कप विसळला आणि ओट्यावर पालथा ठेवला. संध्याकाळी तो कप मागच्या दाराबाहेरच्या फळीवर दिसला. मी तो आत आणला नाही. सासूबाईंना काही म्हणालेही नाही. तेव्हा मी कोणालाच काही म्हणत नव्हते, पण ही सबब झाली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री मागच्या दारानं आत आले. त्यांनी कप पाहिला आणि पाइपाला सूत गुंडाळायला बसले. चहाच्या वेळेला त्यांनी पिशवीतून आपला पेला काढला. पुढचे सगळे दिवस तो पेलाच होता.

शेवटच्या दिवशी त्यांनी पुन्हा टाकी भरून घेतली, पुन्हा रेघ मारली. चोवीस तासांनी पाणी रेघेवरच होतं. त्यांनी अर्जावर सही केली, खाली लायसनचा नंबर घातला. मग स्वयंपाकघरातला नळ सोडून ओंजळीनं पाणी प्यायले आणि तोंड पुसून म्हणाले, "बाई, एक सांगायचं हुतं. साहेब आल्ते माझ्याकडं."

कोण साहेब ते मला पटकन कळलं नाही.

"तुमचे मिस्टर. स्लॅबच्या आधी. घराचा नकाशा घेऊन आल्ते. पुऱ्या घराचा आकडा मी दिला हुता, सामान सोडून सत्तावीसशे. स्लॅब पडू द्या, मग या, म्हन्ले."

मी विचारलं, मग तुम्ही आला का नाहीत?

"मौतीच्या घरी कामाचं काय इचारायचं?"

नळ चालूच होता. मी विचारलं, "त्यांनी घासाघीस केली का?"

"न्हाई. नकाशावर नगं म्हन्ले, पेन मागितला आन् तळहातावर लिवून घेतलं."

तळहातावरचे ते निळे आकडे मी पाहिले होते. मिस्टर जेवायला बसले होते आणि मी वाढत होते. काय लिहिलंय, हे मी विचारलं नव्हतं. दोन-तीन दिवसांत ते धुऊन गेले असतील. मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं. मला काहीच झालं नाही. मी नळ बंद केला आणि मजुरीचे पैसे आणायला आत गेले.

त्यानंतर ते वर्षातून एकदोनदा येत. फार येऊ नयेत याची व्यवस्था त्यांनीच केली होती. नुसता वायसर झिजला तर मला बोलावू नका म्हणाले. वायसर दोन रुपयांचा आणि माझ्या येण्याचे तीस. त्यांनी मला मेन कॉक बंद करायचा, नळाचं डोकं फिरवून काढायचं, जुना वायसर काढून नवा बसवायचा, हे दोनदा करून दाखवलं आणि तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. मी शाळेत शिकवत असे तसंच ते शिकवत होते, फक्त माझ्याइतकं बोलत नव्हते. अजूनही मी घरी कोणाला कामाला बोलावलं की सामान किती, मजुरी किती, हे आधी विचारते. काही जणांना त्याचा राग येतो. राग येणाऱ्याला मी काम देत नाही.

पाचव्या वर्षी, एका सोमवारी सकाळी ते आले. पिशवी नव्हती. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाइप फिटरची जागा निघाली होती. महिन्याचा पगार, फंड. मुली मोठ्या होत होत्या. पण कारखान्याला अनुभवाचा दाखला हवा होता. सतरा वर्षं गावभर नळ बसवले, पण सगळं स्वतःच्या हिमतीवर. दाखला देणार कोण? दोन-तीन मोठ्या घरांत ते विचारून आले होते. कोणी नाही म्हणालं नव्हतं. नंतर या, म्हणाले होते.

मी त्यांना पुढच्या खोलीत बसवलं आणि लिहायला घेतलं. अशी पत्रं मला जमत, शाळेत मुलांचे दाखले मीच लिहीत असे. पण त्या दिवशी पेन थांबेना. टाकीतली रेघ लिहिली, सहीचं लिहिलं, त्या कपाबद्दल ते जे बोलले नव्हते आणि मी जे केलं नव्हतं तेही लिहिलं. दोन पानं भरली. त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती सावकाश वाचली. दुसरं पान वाचून झाल्यावर पहिलं पुन्हा वाचलं.

"बाई, तिथं येवढं कोन वाचतंय," ते म्हणाले. "चार वळी करा."

मी दुसरा कागद घेतला. यांनी माझ्या घराचे नळकाम केले असून काम उत्तम व खात्रीचे आहे. आकारलेली मजुरी वाजवी होती. यांचे वर्तन चांगले आहे. माझी शिफारस आहे. खाली सही, हुद्दा, तारीख. त्यांनी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात सर्टिफिकेटांबरोबर ठेवला. मग टेबलावरची ती दोन पानं उचलली, त्यांची चौघडी घातली आणि खिशात ठेवली. दारात चपला घालताना ते म्हणाले, "मीटरकडं बगत ऱ्हावा. नळ बंद असून काटा फिरला, तर समजा कुठंतरी गळतंय."

नोकरी त्यांना लागली, हे दुकानदाराकडून कळलं. नंतर ते कुटुंब घेऊन तिकडेच गेले. मला पुन्हा भेटले नाहीत. आता कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही.

त्या सोमवारी मी शाळेत वेळेवर पोहोचले. हजेरीत अकरावं नाव घेतलं आणि मी फळ्याकडे वळले. मिस्टर गेल्यापासून पहिल्यांदाच मी रडत होते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग पदरानं तोंड पुसलं, वळले आणि बाराव्या नावापासून पुढे हजेरी घेतली.