ॲम्ब्युलन्सचं मागचं दार

मंडळी, फुकटात बदलून मिळणारं कुलूप मला आज सोजरमावशीच्या शिव्यांना आणि दवाखान्यासमोरच्या सगळ्या पब्लिकच्या हसण्याला पडलं.

मागच्या आठवड्यात गाडीच्या कंपनीतून एका पोरीचा फोन आलता. "सर, आपल्या रुग्णवाहिकेच्या मागील दाराच्या कुलुपात दोष आढळला आहे. विनामूल्य बदलून देऊ."

हातगाडीपासून ॲम्ब्युलन्सपर्यंत आलेला माणूस मी. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात, त्यात इतकी शुद्ध बोली! फोन कापला आणि याच ग्रुपवर ऐटीत लिहिलं, "आपल्या भागातलं माणूस मी दोन शब्दांत ओळखतो. ही ठग बाहेरची हाय, सावध राहा."

आज हात मोडलेल्या सोजरमावशीला मी युसूफवडगावहून केजला आणलं, तर दवाखान्यापुढं मागचं दार उघडेचना. आम्ही बाहेरून ओढतोय आणि आतून मावशी ओरडतीय, "आरं मुडद्या, हात मोडलाय, मेले न्हाई मी! कावून कोंडलंस?"

शेवटी चौघांनी मिळून तिला ड्रायव्हरच्या सीटवरून बाहेर काढलं. आता हात प्लास्टरमध्ये आहे, तोंड मात्र मोकळं आहे.

मग गुमान कंपनीला फोन लावला. तीच पोरगी होती. सगळं ऐकून खुदकन हसली. "काका, लई मनाला लावून घेऊ नका. उद्या आणा गाडी."

तुमीबी असा फोन कापलाय का? कापला असंल तर आजच परत लावा.

पोरगी आपल्याच जिल्ह्यातली, चकलांब्याची हाय.