फोटोखालची ओळ

नव्वदच्या दशकात मी मंचरला पॅथॉलॉजीची लॅब टाकली, तेव्हा दवाखाना समजून लोक तापानं फणफणलेली पोरं घेऊन यायचे. मी औषध देत नाही, फक्त तपासते, असं सांगितलं की एखादे आजोबा सरळ विचारायचे, "मंग तुमी डॉक्टर कशाच्या?" माझं डोकं फिरायचं. एम.बी.बी.एस. करून वर तीन वर्षं घासून मी एम.डी. झाले होते, आणि गावात नाव पडलं ते रक्तवाल्या बाई.

खरं काम लोकांना दिसत नव्हतं. सर्जननं काढलेला गाठीचा तुकडा बरणीतून माझ्याकडे यायचा. तो मेणात बसवायचा, कागदाहून पातळ कापायचा, काचेवर रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते लिहायचं. तुकडा ज्याचा, तो माणूस मला कधी भेटायचा नाही. बातमी सर्जन सांगायचे. मान मिळत नाही म्हणून मी कुरकुरायचे, पण ते सांगणं आपल्यावर येत नाही हे मला सोयीचंच होतं.

दोन हजार सालानंतर पुण्याच्या लॅबचे रिपोर्ट रंगीत फोटोंसकट यायला लागले. पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं वडिलांचा तसला रिपोर्ट लॅमिनेट करून घेतला होता. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, याला म्हणतात रिपोर्ट." गावातले सर्जन तर चिडवायला टपलेलेच असायचे. "उद्या हे फोटो कॉम्प्युटरवरून पुण्याला जातील आणि निदान तिथूनच येईल. मग तुम्ही काय करणार?" मी हसण्यावारी नेलं, पण ते मनात घर करून बसलं.

शेवटी मीही मायक्रोस्कोपवर बसणारा डिजिटल कॅमेरा घेतला, सोबत रंगीत प्रिंटर. महिन्याभरात वारं फिरलं. पेशंट रिपोर्ट उलटसुलट करून बघायला लागले. सर्जन म्हणाले, आता कसा वजनदार वाटतो. मी फुशारले. काचेवरची सगळ्यात देखणी जागा शोधण्यात माझा वेळ जायला लागला. रंग नीट उठलेला हवा, पेशी ठसठशीत दिसायला हव्यात. खाली त्या फोटोत काय दिसतंय त्याची एक ओळ टाइप करायची.

अशात डोंगराकडच्या डिंभ्याच्या एका बाईच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा आला. बहुतेक सगळा साधा होता, कॅन्सर नसलेला. फक्त एका कडेला मूठभर पेशी मला खटकल्या. तुकडा नेमका तिथंच संपत होता. मी रिपोर्टात लिहिलं की कडेला शंका आहे, पूर्ण गाठ काढून तपासायला पाठवावी. फोटो मात्र मधल्या साध्या भागाचा लावला आणि खाली लिहिलं, "साधी गाठ."

तीन आठवडे गेले तरी गाठ आली नाही, म्हणून मी सर्जनना फोन केला.

"ती? तिला तर मी घरी पाठवलं," ते म्हणाले. "फोटोखाली तुम्हीच लिहिलंय की, साधी गाठ."

"आणि वरचा मजकूर?"

तो त्यांनी वाचलाच नव्हता. मग म्हणाले, निरोप पाठवतो. निरोप कधी पोचणार? तिचा फोन नंबर कुणाकडेच नव्हता. त्यांच्यावर खेकसावंसं वाटलं, पण ती ओळ माझीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब बंद ठेवून मी स्टँडवर गेले. डिंभ्याची गाडी येईना. कांद्याचे ट्रक हॉर्न वाजवत जात होते आणि मी मनातल्या मनात हिशेब करत होते, तीन आठवड्यांत त्या पेशी कुठवर गेल्या असतील. शिकलेलं सगळं त्या दिवशी मला घाबरवायच्याच कामी आलं.

विचारत विचारत घर सापडलं. ती ओट्यावर वाल सोलत बसली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल.

"कोन पायजे?"

"मंचरहून आलेय. डॉक्टर आहे मी. तुमच्या गाठीचा तुकडा मी तपासला."

तिनं घरातून प्लास्टिकची पिशवी आणून रिपोर्ट काढला. "लई झ्याक फोटो हाय. समद्यांना दाखवला म्या. गाठ साधी हाय म्हनले डॉक्टर."

"ताई, हा गाठीच्या चांगल्या भागाचा फोटो आहे. कडेला मला शंका आली होती. ते वर लिहिलंय, पण सर्जनचं ते वाचायचं राहून गेलं. गाठ पूर्ण काढायला हवी."

तिनं फोटोवर बोट ठेवलं. "मंग त्या कडंचा फोटो का नाय लावला?"

कारणं पुष्कळ देता आली असती. "हा दिसायला चांगला होता," मी म्हणाले. लाजेनं माझी मान वर होईना.

ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं सूप बाजूला सारलं आणि विचारलं, "आत्ता खाली मंचरला जायाला येष्टी हाय का?"

त्याच आठवड्यात सर्जननी गाठ काढली. या वेळी मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. एकेक काच तीनतीनदा बघितली. रिपोर्ट न्यायला ती एकटीच आली. मी तो सर्जनकडे धाडणार होते, पण ती दारातच उभी राहिली. मी कागद पुढे केला. तिनं तो उलटसुलट केला.

"ह्यात फोटो न्हाई?"

"नाही."

"मला वाचता येत न्हाई, बाई. तुमी तोंडानं सांगा."

मी खुर्ची पुढे ओढली, तिला बसवलं. इतक्या वर्षांत शेकडो वेळा लिहिलेला तो शब्द मी कुणा पेशंटसमोर कधी उच्चारला नव्हता.

"कॅन्सर आहे, ताई," मी म्हणाले. "पण लहान आहे. अजून वेळ गेलेली नाही."

तिनं माझा हात धरला.