शंकाताईंचा शून्य नसलेला कागद

लेबलखात्यात त्यांना सगळे शंकाताई म्हणत. लेबल तिरकं लागलंय की बाटलीच वाकडी आहे, हा प्रश्न त्यांना रोज नव्याने पडे. औषधाच्या कारखान्यातल्या या बाई, लग्नाआधी मिळवलेल्या केमिस्ट्रीच्या पदवीच्या जोरावर, तपासणीच्या खोलीत महिनाभराच्या बोलीवर आल्या होत्या. तो महिना आज संपत होता. औषध गरम पाण्यात ठेवलं की त्याची ताकद किती वेगाने उतरते, त्याचा आलेख संध्याकाळपर्यंत तिथल्या प्रमुख मॅडमना द्यायचा होता. जमला तर खिडकीजवळचं टेबल कायमचं, नाहीतर परत लेबलखात्यातला गोंद.

"कागद तुम्हीच निवडून आणा," मॅडम म्हणाल्या होत्या. "आणि रेघ सरळ आली पाहिजे."

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्या मामांनी विचारलं, "ग्राफपेपर कुठला?"

"केमिस्ट्रीचा."

"ताई, भाजीवाल्याकडे जाऊन 'जेवणाची भाजी द्या' म्हणता का? साधा आहे, सेमी-लॉग आहे, लॉग-लॉग आहे, गोलसुद्धा आहे. हिरवा, केशरी."

"केमिस्ट्रीत कुठला रंग चालतो?"

मामांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "गोंधळलेल्या गिऱ्हाइकाला मी हिरवा देतो."

शंकाताईंनी इंजिनियर धाकट्या भावाला फोन लावला. "असल्या आलेखाला लॉग लागतो गं, ताई. लॉग घे आणि मोकळी हो. मी मीटिंगमध्ये आहे."

लॉग घ्यायचा म्हणजे दुकानातून घ्यायचा की कॅल्क्युलेटरवर, हे विचारायच्या आत फोन बंद. लेबलखात्यात लेबलावरून अंगठा नेहमी दोनदा फिरवायचा असतो; एकदा लागण्यासाठी, एकदा खात्रीसाठी. शंकाताईंनी तेच केलं. हिरवा सेमी-लॉग घेतला आणि खोलीत येऊन औषधाच्या ताकदीच्या सगळ्या आकड्यांचे लॉगही काढले.

मग कागद उलगडला आणि त्या पुन्हा दुकानात हजर.

"मामा, हा छापताना बिघडलाय. आडव्या रेघा वर जाताजाता चेंगरल्यात. आणि खाली शून्यच नाही."

मामांनी अख्खा गठ्ठा पुढे सरकवला. "सगळे असेच येतात. शून्य मी काढून ठेवलेलं नाही, ताई."

शेवटी शून्याचा नाद सोडून त्यांनी ठिपके मांडले. रेघ आधी ऐटीत निघाली आणि मग जिन्यावरून पाय घसरल्यासारखी खाली गेली. औषध बिघडलं की कागद, की आपणच? त्यांनी कागद तिरका धरून पाहिला, एक डोळा मिटून पाहिला. रेघ काही सरळ होईना. गोंदाचा वास आत्ताच नाकाशी यायला लागला.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "हे आकडे कसले?"

"लॉग आहेत. मी काढले."

"आणि कागद?"

"तोही लॉगचाच. खात्रीसाठी."

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. हसू मात्र डोळ्यांतून निसटलंच. "अहो, या कागदाच्या रेघाच लॉगने आखलेल्या असतात, म्हणून तर यात शून्य नसतं. लॉग तुम्हीही घेतलात आणि कागदानेही घेतला. बिचाऱ्या औषधाने किती सोसायचं?"

शंकाताईंनी कपाळाला हात लावला आणि मूळचे आकडे, लॉग न काढता, नव्या हिरव्या कागदावर मांडले. रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. त्यांचा विश्वास बसेना. मग काढलेले लॉग वाया कशाला घालवायचे म्हणून साध्या कागदावर मांडले. तीही सरळ. दोन्ही कागद घेऊन त्या मॅडमसमोर उभ्या राहिल्या.

"यातला बरोबर कुठला?"

"दोन्ही. कुठलाही द्या." मॅडमनी खिडकीजवळच्या टेबलाकडे बोट केलं. "आणि उद्यापासून तुमचा डबा तिथे ठेवत जा."

शंकाताई त्या टेबलावर जाऊन बसल्या. कुठलाही म्हणजे नेमका कुठला, हे मात्र कारखाना सुटायची घंटा झाली तरी त्यांचं ठरेना. शेवटी दोन्ही कागद त्यांनी पाठीला पाठ लावून चिकटवले, अंगठा दोनदा फिरवला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवून आल्या.