बडबड्याला नवी सिस्टिम चालत नाही

एक्स-रे विभागात रिपोर्ट टाइप करणाऱ्या माणसाला सगळे रेडिओ म्हणत. तो जन्मापासून आंधळा होता. डॉक्टर फोटो बघत, बघता बघता तोंडानं सांगत, ते रेकॉर्ड होई, आणि हा कानाला हेडफोन लावून ते ऐकत टाइप करी. एकही फोटो न बघता यानं अख्ख्या गावाची हाडं मोजलीत, असं लोक गमतीनं म्हणत. त्यालाही ते आवडे.

रेडिओ हे नाव त्याच्या कॉम्प्युटरमुळे पडलं. कॉम्प्युटरमध्ये एक जुना प्रोग्रॅम होता. पडद्यावर जे काही येईल ते तो मोठ्यानं वाचून दाखवी. रेडिओ त्याला बडबड्या म्हणे, आणि त्याला अशा वेगानं बोलायला लावी, की शेजारच्याला हेडफोनमधून दोन स्टेशनं एकमेकांत घुसल्यासारखी खरखर ऐकू येई. रेडिओला मात्र त्यातला शब्द न् शब्द कळे, कुठे स्वल्पविराम राहिलाय तोही. त्या वेगाची कानाला इतकी सवय झाली होती, की तू फार सावकाश बोलतेस, असं तो एकदा बायकोला म्हणून बसला. त्यानंतर कित्येक दिवस घरात वेगानंही कुणी बोललं नाही आणि सावकाशही.

अशात वरच्या ऑफिसातून हुकूम आला, की महिनाअखेर सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढणार. बाकीच्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. रेडिओकडे मात्र कॉम्प्युटरवाला मुद्दाम आला, खुर्ची ओढून बसला, आणि खाकरला. 

"काका, नव्या सिस्टिमवर तुमचा बडबड्या चालणार नाही," तो म्हणाला. "ज्यांनी तो बनवला, त्यांनी दुकान केव्हाच गुंडाळलंय. नवा करून द्यायला कुणी राहिलेलंच नाही."

रेडिओला पगाराची भीती नव्हती. पगार कुणी काढून घेणार नव्हतं. त्याला भीती होती ती खालच्या चौकशीच्या खिडकीजवळच्या खुर्चीची. तिथं पूर्वीचा टेलिफोन ऑपरेटर बसे. तोही आंधळाच. एके काळी अख्ख्या हॉस्पिटलचे फोन त्याच्या बोटांवर नाचत. मग फोन आपोआप लागायला लागले आणि त्याला काही काम उरलं नाही. पगार चालू, चहा वेळेवर, येणारे-जाणारे खांद्यावर थोपटून जात. दिवसभर नुसतं बसायचं. रेडिओ जाता-येता त्याच्याशी दोन शब्द बोले आणि घाईनं पुढे सटके, कारण जास्त बोललं की ऑपरेटर त्याचा हात सोडत नसे. आता त्याच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडतील, एवढं एकच चित्र रेडिओच्या डोक्यात बसलं, आणि ते काही केल्या हलेना.

मग त्यानं हातपाय मारायला सुरुवात केली. नव्या सिस्टिमबरोबर तिची स्वतःची एक बोलणारी बाई फुकट येत होती. कॉम्प्युटरवाल्यानं ती आपल्या लॅपटॉपवर ऐकवली. आवाज गोड, बोलणं अदबीचं, पण वेग वाढवला की प्रत्येक शब्दाची शेपटी गिळायची. आणि हॉस्पिटलचा रिपोर्टचा प्रोग्रॅम उघडल्यावर तर तिनं हातच टेकले. रोग्याचं नाव कुठे, मजकूर कुठे, काही सांगेना. नुसती "बटण, बटण, बटण" म्हणत राहिली. हिच्यापेक्षा मुकी परवडली, असं रेडिओ म्हणाला आणि हेडफोन काढून ठेवला.

अंधशाळेतला त्याचा जुना दोस्त फोनवर वेगळंच सांगत होता. जगात एक फुकट सिस्टिमही आहे, तिच्यात बोलणारा आवाज झकास आहे, आपण त्यावर मजेत काम करतो, तूही घे. रेडिओला क्षणभर हुरूप आला. पण चौकशी केल्यावर कळलं, की हॉस्पिटलचा प्रोग्रॅम त्या सिस्टिमवर उघडतच नाही. मग हॉस्पिटललाच प्रोग्रॅम बदलायला सांग, असं दोस्तानं सुचवलं. जोडा चावतो म्हणून पाय बदलायला सांगण्यातला हा प्रकार. रेडिओनं फोन ठेवून दिला.

जुनीच सिस्टिम ठेवून नेटवर्कची वायर उपटून टाकावी, हाही विचार झाला. पण रेकॉर्डिंग त्याच वायरीतून येई. बाजारात एक नवा महागडा बोलणारा प्रोग्रॅम होता, त्यासाठी अर्ज केला तर वरच्या ऑफिसातून "बघू" असं उत्तर आलं. असल्या "बघू"चा अर्थ कळायला डोळे लागत नाहीत. आणि समजा मिळालाच, तरी त्या परक्या आवाजाला कान सरावायला महिनोनमहिने जाणार. तोवर रिपोर्ट कुणी थांबवून ठेवणार होतं का?

घरी त्याचं जेवणात लक्ष नसे. बायको एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करी. दिवसभर वाफेत उभी राहून ती घरी येई आणि तरी याची समजूत काढी.

"अहो, आवाज बदलतोय. तुमचे कान तेच आहेत ना?" ती म्हणाली.

"तुला काय कळतंय?" तो तिच्यावर खेकसला. "तुझी इस्त्री बंद पडली तर तू दुसरी हातात घेशील. माझी नजरच काढून घेतायत ते."

ताटं उचलल्याचा आवाज आला, तोही अगदी हळू. रेडिओला स्वतःची लाज वाटली, पण सॉरी म्हणायलाही त्याच्यात त्राण नव्हतं.

शेवटी कॉम्प्युटरवाल्यालाच दया आली. त्यानं वरिष्ठांच्या हातापाया पडून रेडिओच्या एकट्याच्या कॉम्प्युटरला महिनाभराची सवलत मिळवली. आता अपग्रेड आपोआप होणार नाही, कॉम्प्युटर आधी विचारेल, तुम्ही "हो" म्हणेपर्यंत जुनी सिस्टिम जागची हलणार नाही, असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं. त्या दिवशी रेडिओ पोटभर जेवला.

पण विचारणार कुठे, तर पडद्यावर. आणि रेडिओच्या टेबलावर पडदाच नव्हता. नोंदणीच्या काउंटरवरचा मॉनिटर बिघडला होता तेव्हा यानं आपला काढून दिला होता. मला तो काय उशाला घ्यायचाय, असं ऐटीत म्हणाला होता. आणि तो उचलून नेला होता याच कॉम्प्युटरवाल्यानं. ही गोष्ट दोघंही साफ विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरमधून "टिंग" असा आवाज आला आणि बडबड्या मध्येच थांबला. नव्या चौकटीतला मजकूर त्या म्हाताऱ्या प्रोग्रॅमला वाचता येत नव्हता. बडबड्या असा अधूनमधून अडखळे, आणि त्यावर रेडिओचं एकच औषध होतं, एंटर. त्यानं एंटर दाबला. बडबड्या लगेच बोलू लागला. रेडिओनं दिवसभर झपाट्यानं काम केलं, मध्ये शीळसुद्धा घातली.

त्याच्या पुढच्या सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. त्यानं एंटर दाबला. पुन्हा दाबला. मग दाबतच सुटला.

रेडिओनं फोन केला तेव्हा कुठे कॉम्प्युटरवाल्याला नेलेला मॉनिटर आठवला. तो काखेत एक मॉनिटर घेऊन धावत आला, जोडला, आणि पडद्यावरचं वाचलं.

"काका, रात्रीत अपग्रेड झालंय," तो म्हणाला. "काल सकाळी इथूनच 'हो' दाबलं गेलंय."

"मीच दाबलं," रेडिओ म्हणाला. "परत जुनी घाल."

"जुनी घालतो. पण बडबड्या आता बनवणाऱ्याकडून नव्यानं परवानगी मागतोय. ती कुठून आणू?"

मॉनिटर नेला तो मीच, चूक माझी, असं तो पुनःपुन्हा सांगत राहिला. रेडिओनं त्याचा हात थोपटला आणि त्याला जायला सांगितलं. रडायचं तर निदान एकट्यानं, एवढंच त्याला वाटत होतं.

पण रडायलाही सवड नव्हती. अपघात विभागातून दोन रोगी आले होते आणि रिपोर्टची घाई होती. रेडिओनं मन घट्ट केलं. बोटांना बटणं पाठ होती, रेकॉर्डिंग पायाखालच्या पेडलनं चालू-बंद होई. बडबड्याशिवाय काय अडतं, असं म्हणून त्यानं ऐकायला आणि टाइप करायला सुरुवात केली. बोटं एकदाही चुकली नाहीत. बरगडी मोडली आहे, फुप्फुसाला इजा आहे, तातडीनं दाखल करावे. रिपोर्ट पुरा झाला. फक्त सेव्ह करायचं राहिलं.

आणि तिथं त्याचं बोट थबकलं. वर नाव कुणाचं आहे? दोघांपैकी कुणाचं पान उघडलंय, हे रोज बडबड्या सांगे. आज सांगणारं कुणी नव्हतं. मोडक्या बरगडीच्या माणसाला घरी पाठवतील आणि धडधाकटाला खाटेवर निजवतील. रेडिओनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

तो उठला आणि विभागाच्या मुख्य डॉक्टर, मोठ्या मॅडम, यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. रिपोर्ट झाला का, असं मॅडमनी कागदातून डोकं न काढता विचारलं.

"टाइप झालाय. पण कुणाच्या नावावर गेलाय ते माहीत नाही," तो म्हणाला. "मॅडम, मला दिसत नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या इमारतीत त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. तशी कधी वेळच आली नव्हती.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. मॅडम जवळ आल्या आणि त्यांनी त्याचं कोपर धरलं. "चल, मी वाचते. सावकाश ये, इथं टेबल आहे," त्या म्हणाल्या. ती खोली, ते टेबल, तो बोळ, सगळं त्याला पाठ होतं. तरी तो हात न सोडवता त्यांच्याबरोबर चालत गेला.