साडूंचा दोन रात्रींचा तंबू

आमचे साडू यमदूतांबरोबरसुद्धा यादी तपासल्याशिवाय निघणार नाहीत, याबद्दल आमच्या दोन्ही घरांत एकमत आहे. कुवेतमधल्या एका रिफायनरीत ते शटडाऊनचे प्लॅनर आहेत. म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवायचा असेल, तर कुठला नट कोणी, कधी आणि कुठल्या पान्याने सैल करायचा, हे त्यांनी वर्षभर आधी कागदावर मांडायचं. हे काम त्यांच्या इतकं अंगात भिनलंय की खैतानमधल्या त्यांच्या घरी पोह्यांनासुद्धा प्लॅन बी असतो. पोहे जास्त भिजले तर त्यांचे वडे करावेत, असं फ्रीजवर लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. माझी थोरली मेहुणी तर शपथेवर सांगते, की अंतरपाटाच्या पलीकडून मंगलाष्टकांच्या मध्येच आवाज आला होता, "गुरुजी, यानंतर काय आहे?"

अशा माणसाने अमेरिकेतल्या वाळवंटात, एका लाल दगडांच्या दरीतल्या नॅशनल पार्कात तंबू ठोकून दोन रात्री राहायचं ठरवलं. मग काय विचारता! दीड वर्ष आम्ही त्या दरीतच राहत होतो. कॅम्पग्राउंडची कुठली जागा नळापासून किती पावलांवर, संडासापासून किती, कुठल्या झाडाची सावली दुपारी तीननंतर कुणाच्या टेबलावर पडते, हे त्यांनी उपग्रहाच्या फोटोंवरून काढलं होतं. आमच्याकडे जेवायला आले तरी पानावरची कोशिंबीर सारून नदी दाखवायचे. तंबू घ्यायला मला कुवेतमधल्या राई भागातल्या बाजारात नेलं. तिथे सगळे तंबू अख्खं खानदान गालिच्यावर बसेल एवढे. साडूंना हवा होता दोघांपुरता. दुकानदाराने त्यांची सहा फुटी उंची बघून कळवळून सांगितलं, "साब, इसमें आपका पाँव बाहर रहेगा." साडू तिथल्या तिथे दुकानात तंबू ठोकायला लावून आत आडवे झाले. अंथरूण पाहून पाय पसरणारा माणूस मी प्रत्यक्षात तेवढा एकच पाहिला.

मग घरी तालीम सुरू झाली. सोफा भिंतीला, हॉलमध्ये तंबू, हातात स्टॉपवॉच. खुंट्या ठोकायचा हातोडा एक आणि तो हरवला तर दुसरा. "भाऊजी, तुम्ही तरी सांगा यांना," मेहुणी म्हणाली, "महिनाभर मी टीव्ही तंबूला वळसा घालून बघतेय." मी सांगायला गेलो आणि मलाच दोरी धरायला लागली.

दोरी धरल्या धरल्या मी सहज विचारलं, एवढ्या लांब तंबूतच का? तिकडे तुमच्या मुलाचं एवढं छान घर आहे. साडू खुंटीकडे बघत म्हणाले, "तिथे रेंज नाही हो. दोन रात्री त्याचा फोन चालणार नाही."

त्यांचा एकुलता एक मुलगा इथेच, कुवेतमध्ये वाढला. लहान असताना हिवाळ्यात दर शुक्रवारी साडू त्याला शहराबाहेर वाळवंटात न्यायचे. सतरंजी, थर्मास, गुळाची पोळी, आणि अर्थात यादी. एकेक वस्तू गाडीत गेली की यादीतल्या चौकोनात बरोबरची खूण करायची, हा त्या पोराचा मान होता. पुढे तो शिकायला अमेरिकेला गेला, तिथेच नोकरीला लागला, आणि फोनवर आता एवढंच उरलं होतं: "ऑल गुड, बाबा. टॉक लेटर." ते लेटर चार वर्षांत आलं नव्हतं. त्याच्या आईला तो रेसिपी तरी विचारायचा.

तिथलं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि चहा निवायच्या आत संपतं. तिकडची सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ. साडूंच्या घरी आम्ही तिघं तीन लॅपटॉपवर बसलो. साडूंनी उलटी मोजणी केली, मेहुणीने देव पाण्यात ठेवले होते, आणि जागा तिलाच मिळाली. हवी ती, सावलीची! मेहुणीने शिरा केला. दोन रात्री, गुरुवार आणि शुक्रवार. एकालाही काही खटकलं नाही. इथे जन्म गेला आमचा. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची; गुरुवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की सुट्टी लागते, हे आमच्या रक्तात आहे.

नेमकी तिथेच माशी शिंकली. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. "बाबा, थर्सडे? फ्रायडेला ऑफिस असतं माझं. वीकेंड इज सॅटरडे-संडे!" शनिवार-रविवारच्या जागा केव्हाच संपल्या होत्या, त्याची नोकरी नवी, आणि साडूंची रजा दोन शटडाऊनच्या मधली, एक दिवसही न हलणारी. हजार नटबोल्टांच्या तारखा न चुकवणारा माणूस वार चुकला होता. साडूंनी हॉलमधला तंबू काढला, घडी घातली, सोफा जागेवर ओढला. मेहुणीने मला फोन करून सांगितलं, "भाऊजी, टीव्ही समोर दिसतोय, पण लावावासा वाटत नाही."

आठवडाभराने मी तिथे बसलो असतानाच पुन्हा फोन वाजला. साडूंनी तो स्पीकरवर टाकला. "बाबा, फ्रायडे ऑफ मिळाला. थर्सडे हाफ डे. आय टोल्ड माय बॉस, फ्रायडे इज अवर डे." मग अडखळत, मराठीत, "लिस्ट पाठव ना. पण टिक मी करणार."

साडू उठून बाल्कनीत गेले. बाहेर धुळीचं वादळ होतं, त्यामुळे डोळे पुसत आत आले तेव्हा त्यांना कारण सांगावं लागलं नाही.

जाऊन आल्यावर मी अधीरपणे विचारलं, "काय काय बोललात?"

"फार काही नाही. पहिला दिवस तो गप्प, मी गप्प. जमीन दगडासारखी कडक, त्यात एक हातोडा मोडला. दुसऱ्या दिवशी चहा करताना म्हणाला, 'बाबा, यू वर राइट अबाउट द सेकंड हॅमर.'"

"एवढंच?"

"पुष्कळ झालं हो," साडू म्हणाले.

ती यादी आता प्लास्टिकमध्ये घालून फ्रीजवर लावलीय. सगळ्या चौकोनांत खुणा आहेत. खाली, पाचवीनंतर मराठी न लिहिलेल्या हाताने एक ओळ वाढवलीय: पुढच्या वेळी पण शुक्रवारच. त्या ओळीपुढे चौकोनही त्यानेच काढलाय. तो अजून रिकामा आहे. शेजारी साडूंनी पेन दोऱ्याने बांधून ठेवलंय.