बंदूकवाली आत्या आणि सरकारी रेडिओ

कोर्टात माझ्या केसचा पुकारा व्हायचा होता, तेवढ्यात इंदूआत्याच्या दिनेशचा फोन आला. "आई गेली," एवढंच म्हणाला. अमरावतीच्या कोर्टाच्या गजबजलेल्या व्हरांड्यात मी भिंतीला टेकून उभी राहिले. भलतंच विचारून बसले, "काय करत होती रे?" दिनेश म्हणाला, "सकायच्या बातम्या आयकत होती. नेहमीसारखी रेडिओशी भांडून राह्यली होती. मी आंघोळीले गेलो. बाहेर आलो तं बातम्या चालू, पन आईचा आवाज नाही. मले वाटलं, आज पटलं असन तिले..." इंदूआत्याला बातमी मुकाट्यानं पटावी, हे आजवर कधी झालं नव्हतं.

याला आता महिना होऊन गेला. भेटायला आलेल्या प्रत्येकानं ओट्यावर बसून एकच वाक्य म्हटलं, "लय सोशिक बाई होती." ते ऐकून ऐकून माझं डोकं तापलं. आत्या सोशिक नव्हती. ती भांडकुदळ, हट्टी आणि बंदूकवाली होती, आणि तिला कुणी मऊ करून ठेवू नये, म्हणून मी हे लिहिते आहे.

आत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. बार्शीटाकळीजवळच्या गावात दिलेली. वावर जंगलाला लागून, त्यामुळे पेरणीपासून काढणीपर्यंत रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, यांच्याशी उभा दावा. मामाजींकडे, म्हणजे तिच्या यजमानांकडे, पीकसंरक्षणाच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. ते अचानक गेले तेव्हा दिनेश शाळेत होता. परवाना माणसाबरोबर संपतो, बंदूक ठाण्यात जमा झाली. भाऊबंद म्हणाले, वावर बटईनं, म्हणजे वाट्यानं, कसायला द्या आणि अकोल्याला भाड्यानं राहा. आत्यानं परवान्यासाठी स्वतःच्या नावानं अर्ज केला. कचेरीतल्या साहेबानं तिला वरून खालून पाहिलं आणि विचारलं, "बाई, चालवता तरी येईल का?" ती म्हणाली, "डुकरं इचारत नाहीत साहेब, बाई हाय का मानूस. तुमी काहून इचारता?" मी तेव्हा नुकती वकिली सुरू केली होती आणि तिच्या शेजारी उभी होते. फेऱ्या मारून मारून तिनं परवाना मिळवलाच. जनावर तिनं एकही मारलं नाही. हवेत बार काढायची, कळप पांगायचा, झालं.

मचाणावर तिच्यासोबत बंदूक आणि रेडिओ, दोन्ही असत. बाजारभाव, हवामान, शेतीचा कार्यक्रम, बातम्या... सगळं ऐकायची आणि सगळ्याला उत्तर द्यायची. पाऊस येणार म्हणून सांगितलं आणि नाही आला, तर दुसऱ्या दिवशी त्याच निवेदकाला, "काल काय बोल्ला होता? इसरला?" असं ठणकावायची. निवेदक बिचारा पुढचं गाणं लावायचा.

निवडणूक आली की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. तालुक्यातले बंदूकवाले एकमेकांना ओळखतात ते त्यामुळेच. दिवसभर कडुनिंबाखाली रांगेत बसायचं. एका वर्षी मी तिला सोडायला गेले होते. सगळे पुरुष, त्यात ही एकटी, मांडीवर रेडिओ. गावातलेच गुलाबराव, फौजेतून निवृत्त झालेले, दुनळी डबलबार बंदूकवाले, मिशीला पीळ देत म्हणाले, "वहिनी, तो सरकारचा भोंगा बंद करा बरं. सरकार आपल्या बंदुका जमा करून राह्यलं अन् तुमी त्याचंच गानं आयकता?" दुसरा एक म्हणाला, रेडिओ म्हाताऱ्यांसाठी, आता सगळं मोबाईलवर येते. तिसऱ्याचं म्हणणं, भजनापुरता बरा, बातम्या सगळ्या खोट्या. आत्यानं आवाज वाढवला आणि म्हणाली, "गुलाबभाऊ, भोंगा तं भोंगा. पन तो माह्या पैशाचा हाय. मी नाही आयकला तं त्याले वाटन, समदे मुके हायेत इथं." सगळे हसले. गुलाबराव नाही हसले.

हसण्यावारी नेण्यासारखं पुढं राहिलं नाही. एका संध्याकाळी शेतीच्या कार्यक्रमात एका तज्ज्ञाची मुलाखत लागली. ते म्हणाले, पीकसंरक्षणाच्या नावाखाली शेतकरी शिकार करतात, हे परवाने सरसकट रद्द करायला हवेत. दुसऱ्या दिवशी बंदूकवाल्यांची मारुतीच्या पारावर बैठक झाली. ठरलं असं, की यापुढे गावात सरकारी रेडिओ लावायचा नाही, जो लावील त्याच्या पिकाच्या राखणीला कुणी जाणार नाही. गुलाबराव चार माणसं घेऊन आत्याकडे आले. मी दिवाळीनंतर आठ-दहा दिवस तिथंच होते. आत्या हरभऱ्याची भाजी खुडून आणून निवडत होती, रेडिओ शेजारी चालू.

"बंद करा वहिनी. त्यायनं आपल्याले शिकारी म्हन्लं."

"म्हन्लं ना. मी बी आयकलं. तुमच्याहून जास्त राग मले आला."

"मंग?"

"मंग काय? मानूस खोटं बोल्ला तं त्याले तोंडावर सांगा लागते. कानात बोटं घालून काय होते? रेडिओ माह्या घरातला हाय, गुलाबभाऊ. बंद कवा करायचा ते मी ठरवीन."

ते गेले. मी तिला म्हटलं, "आत्या, थोडे दिवस हळू आवाजात ऐक ना. वैर कशाला?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की ते वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

तिला किंमत मोजावी लागली. कळप आला की शेजारपाजारचे चौफेर ओरडत येतात, डबे वाजवतात, तेव्हा कुठं जनावरं फिरतात. त्या आठवड्यात कुणी आलं नाही. तिनं एकटीनं बार काढले, पण डुकरं एका बांधावरून पळाली आणि दुसऱ्यावरून आत शिरली. नदीकडच्या पट्ट्यातला हरभरा पार उकरून टाकला. सकाळी ती त्या उकरलेल्या काळ्या मातीत उभी होती. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच. मग पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चाल. अकोल्याले जाऊ."

रेडिओ केंद्रावर एक तरुण अधिकारी बाई होत्या. आत्यानं चप्पल दाराशी काढली आणि सरळ सांगितलं, "मी बंदूकवाली हाय. बंदूक घरी ठेवून आली. तुमी माह्याबद्दल बोल्ला, आता मले बोलू द्या." बाई आधी दचकल्या, मग बसा म्हणाल्या. भाषण लिहून आणावं लागतं, ते वर तपासलं जातं, असं त्यांनी समजावलं. आत्या म्हणाली, "लिहून आनलेलं माह्या तोंडात बसत नाही." बराच वेळ नाही-होय झालं. शेवटी त्यांनी तिला स्टुडिओत नेलं. मी काचेबाहेर होते. सुरुवातीला तिचा आवाज अडखळला... मग तिनं समोरचा माईक म्हणजे तो रोजचा निवेदकच आहे असं धरलं असावं, कारण एकदम घरच्यासारखी बोलू लागली. जनावराला मी मारत नाही, हाकलते, हे तिनं सांगितलं. रोही काय खातो, उकरलेलं वावर कसं दिसतं, तेही सांगितलं. तज्ज्ञसाहेबांना एक हंगाम राखणीला बोलावलं, भाकर मी देईन म्हणाली. आणि शेवटी म्हणाली, "गावात मले सांगतात, रेडिओ आयकू नको. मी आयकीन. पन तुमी बी आमचं आयकाच."

बाहेर आल्यावर अधिकारी बाई म्हणाल्या, तज्ज्ञांना बोलावल्याचा भाग कदाचित काढावा लागेल. आत्या चप्पल घालता घालता म्हणाली, "काढा. मंग माहं नाव बी काढा, अन् समदंच काढा." बाईंनी काय केलं, कुणाशी भांडल्या, मला ठाऊक नाही. पण पुढच्या आठवड्यात सगळं जसंच्या तसं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबराव ओट्यावर हजर. ताडताड बोलायला लागले, "वहिनी, तुमी रोह्याचं येवढं सांगतलं अन् माकडाचं काहून नाही सांगतलं? माहा समदा संत्र्याचा बगीचा माकडानं नासवला!" आत्या शांतपणे म्हणाली, "पन गुलाबभाऊ, तुमी तं रेडिओ आयकत नाही." मग कळलं, पारावर शपथ घेतलेल्या प्रत्येकाच्या घरात त्या संध्याकाळी दारं लावून रेडिओ चालू होता. पुढच्या राखणीला सगळे आले. तज्ज्ञ मात्र कधीच आले नाहीत. आत्या शेवटपर्यंत अधूनमधून रेडिओला विचारायची, "तुमचा तो साहेब कवा येते?"

तेरवी झाल्यावर बंदूक जमा करायला दिनेश आणि मी ठाण्यात गेलो. गुलाबरावांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि आमच्या मागे उभे राहिले. हवालदारानं बंदुकीचा नंबर पाहिला, नाव लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "मयत काय करत होत्या?" दिनेश काही बोलायच्या आत हवालदारानं स्वतःच म्हटलं, "गृहिणी," आणि लिहून टाकलं.

गुलाबराव पुढं आले. टेबलावर दोन्ही हात टेकले. इतकी वर्षं वहिनींशी वाद घातलेला तो आवाज ठाण्यातल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"खोडा ते. शेतकरी लिहा."

हवालदारानं त्यांच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि खोडलं.